आक्काची नऊ पावलं

दर रविवारी सकाळी मी आक्काला फोन करायचो. जेवलीस का, म्हैस किती देते, गुडघा कसा आहे, हे सगळं विचारून झालं की शेवटी तोच प्रश्न: "किती राहिली?" आक्का म्हणायची, "नऊ." म्हणजे तिच्या घराच्या मागच्या दारापासून ओढ्याच्या काठापर्यंत नऊ पावलं. मी फोन ठेवून बायकोला सांगायचो, नऊ आहेत, काळजी नाही. अशी दोन-अडीच वर्षं गेली. ओढा दर पावसाळ्यात काठ खातो हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि आक्काची नऊ मात्र नऊच राहत होती. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला यात काहीतरी वाकडं आहे हे कळायला हवं होतं. नाही कळलं.

आमचं गाव कोडोलीच्या जवळ. पन्हाळ्याच्या बाजूनं येणारा ओढा गावाला वळसा घालतो आणि पुढं वारणेला मिळतो. त्या वळशावरच आमची बौद्ध वस्ती आहे आणि वस्तीतलं शेवटचं घर वडिलांचं. आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. तिचा नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि ऊस लावणाऱ्या बायकांच्या टोळीत शिरली. चाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या सऱ्यांत ऊस लावला. आता टोळीची कर्ती तीच आहे आणि वय विचारलं तर साठ सांगते. साठ तर मलाच होत आली.

मी खात्यात अनुरेखक होतो. साहेब नकाशा काढायचे आणि मी तो पारदर्शक कागदावर काळ्या शाईनं गिरवायचो. बंधारे, भिंती, सांडवे, सगळं माझ्या हाताखालून गेलं, पण त्यातलं एकही काम जमिनीवर उभं राहिलेलं मी बघितलं नाही, कारण अनुरेखकाला कोणी साइटवर नेत नाही. निवृत्त झालो त्या दिवशी हार-नारळ मिळाला आणि मी घरी येऊन जो चिडलो तो आठ दिवस चिडलेलाच होतो. बायको म्हणाली, "आक्कांकडे जाऊन या जरा." तिला घरात शांतता हवी होती.

गेलो. चहा पिऊन मागच्या दारी आलो आणि सवयीनं पावलं मोजली. सात भरली. पुन्हा मोजली, पुन्हा सातच. आक्काला हाक मारली.

"नऊ म्हणत होतीस की."

"नऊच हायत. तुला मोजाय येत न्हाय." तिनं पदर खोचला आणि मोजून दाखवलं. जपून, बारकी पावलं टाकत, नव्या नवरीसारखी ती काठापर्यंत गेली. खरोखर नऊ भरली. माझ्यापेक्षा वीतभर उंच बाई, सरीतून चालायला लागली की पोरीसोरी मागं राहतात, ती माझ्यासमोर असं चालत होती आणि तोंडावरची रेघ हलू देत नव्हती.

मग मला सगळं उमगलं. नऊच्या खाली आकडा आला असता तर मी गाडी करून तिला कोल्हापूरला आणलं असतं. एकदा आणलंही होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती चार दिवस राहिली, पाचव्या दिवशी गॅलरीतून खाली बघत म्हणाली, "हितं म्हस कुटं बांधायची?" आणि पिशवी भरली. तेव्हापासून दर वर्षी ओढा जवळ येत होता आणि दर वर्षी ही बाई आपली पावलं आखूड करत होती.

मी खूप बोललो. बोलताना मला थांबता येत नाही, हा माझा जुना दोष. शेवटी म्हणालो, "मी हा काठ बांधतो. माझ्या हातानं. पण अट ऐक. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी चढून उतरलं की मोजायचं, आणि जेवढी आहेत त्यातलं एक जरी कमी भरलं, तर मुकाट्यानं पिशवी भरायची."

"म्हस?"

"म्हैस विकायची."

ती गोठ्यात निघून गेली. म्हशीपुढं वैरण टाकली. मग आतूनच म्हणाली, "चालंल."

मला अर्थातच भिंत बांधायची होती. तारेच्या जाळीत दगड भरून केलेली, चांगली पुरुषभर उंच. अशा भिंती मी शंभर वेळा गिरवल्या होत्या. मी त्यातलाच एक आठवून फर्स्टक्लास गिरवला, पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला, आणि त्याच संध्याकाळी ओढ्याच्या पलीकडून हाक आली. पलीकडं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा ऊस आहे. तो आणि मी एकाच शाळेत होतो, तो चार इयत्ता पुढं.

"पावणं," तो ओरडला, "भित तुमच्या दारात आन् पानी माझ्या उसात, आसं हाय व्हय?"

मला दोन गोष्टींचा राग आला. एक म्हणजे, जन्मलो त्या गावात मला पावणं म्हणतात. दुसरी म्हणजे, त्याचं बरोबर होतं. वळणावर एका काठाला कडक भिंत घातली की पाणी तिथं आपटतं आणि समोरच्या काठावर जाऊन चढतं. हे मला त्याच्या आधी सुचायला हवं होतं.

दोन दिवस मी तो नकाशा खोडत बसलो. तिसऱ्या दिवशी नोकरीच्या सुरुवातीला गिरवलेला एक नकाशा आठवला. ते काम कधी झालंच नाही, म्हणून लक्षात राहिलं असावं. त्यात भिंत नव्हती. उभा तुटलेला काठ आधी उतरता करायचा, पायथ्याला दगड आणि मातीची पोती लावायची आणि उतारावर जिवंत खुंट रोवायचे. आमच्याकडं ओढ्याकाठी वाळुंज होतं. लवचीक फांद्यांचं झाड, फांदी ओल्या मातीत खोचली की मूळ धरतं. पाण्याला ते अडवत नाही, वाकून वाट देतं आणि खालून माती धरून ठेवतं. पूर्वी दोन्ही काठांना वाळुंजच होतं. उसाची एक-एक सरी वाढवण्यासाठी लोकांनी ते काढलं, आमच्या वडिलांनीसुद्धा.

पलीकडच्याला सांगितलं. तो काठावर उकिडवा बसून ऐकत राहिला आणि म्हणाला, "वाळुंज माझ्या वरच्या बांधाला हाय. किती पायजे त्येवडं तोडा." माझा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा मी पावणं या शब्दासाठी ठेवला.

आक्काला पटवणं अवघड गेलं. काठ उतरता करायचा तर वरचा कडा कापावा लागतो, म्हणजे सातातलं एक पाऊल आपणच कापायचं. "वड्यानं खाल्लं न्हाय ते मी कापू?" ती म्हणाली. तिला कितीही समजावलं तरी ते उलटंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर कुदळ मारताना मलाही वाटत होतं. कापल्यावर माझ्या पावलांनी सहा भरली, आणि अट आता या सहांची झाली. मी दाराच्या चौकटीत खिळा मारला, नव्या काठावर एक दगड पुरला आणि दोन्हींमधलं अंतर टेपनं मोजून वहीत लिहिलं. पावलांवरचा माझा विश्वास उडाला होता.

माघात वाळुंजाची पानं झडली आणि फांद्या तोडल्या. रोवायला आक्काची टोळी येणार होती, अकरा बायका, पैऱ्यावर. पैरा म्हणजे आज तुम्ही माझ्या कामाला या, उद्या मी तुमच्या कामाला येतो, हिशोब फक्त अंगमेहनतीचा. मी रंगीत नकाशा काढून गोठ्याच्या भिंतीला चिकटवला. आयुष्यात पहिल्यांदा माझा स्वतःचा नकाशा. उतारावर हिरव्या शाईनं एकेक खुंट, उभा, ताठ. सगळ्यांना समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "कळलं की मामा," एक जण म्हणाली. टोळीतल्या सगळ्या आक्काला आईच्या जागी मानतात, म्हणून मी सगळ्यांचा मामा. त्या दिवशी मला पेन्शनच्या कागदासाठी कोल्हापूरला जाणं भाग होतं. सकाळच्या एसटीनं गेलो आणि दुपार कलल्यावर परत आलो.

काठावर एकही खुंट नव्हता.

उतार मोकळा, गुळगुळीत, वर उसाचं पाचट पसरलेलं. बायका गोठ्याच्या सावलीत चहा पीत बसल्या होत्या. मला वाटलं, काम सोडून गप्पा मारत बसल्यात.

"खुंट कुठं आहेत?"

"लावलं की," आक्का म्हणाली.

"कुठं लावले?"

तिनं जाऊन पाचट बाजूला केलं आणि बोटानं माती उकरली. खाली फांदी आडवी निजवलेली होती. पूर्ण उतारावर त्यांनी काठाला समांतर सऱ्या पाडल्या होत्या, सऱ्यांत फांद्या शेंड्याला बूड लावून आडव्या घातल्या होत्या, पाय देऊन दाबल्या होत्या आणि वर माती ओढली होती. चाळीस वर्षं जसा ऊस लावला तशी वाळुंजाची लावण केली होती. पहिल्या मोळीच्या तर कोयत्यानं उसाच्या बेण्यासारख्या तीन-तीन डोळ्यांच्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागांच्या, कांड्याच केल्या होत्या. "मग आक्का म्हनली, लाकूड हाय, ऊस न्हवं, तवा थांबलो," एक जण मोठ्या प्रामाणिकपणे म्हणाली.

माझा आवाज पलीकडच्या काठावर गेला असणार, कारण म्हातारा खोपटातून बाहेर आला. नकाशा काय शोभेला लावलाय का, असं मी विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं काही काढलं तर त्याचंही मातेरं केलंत, असंही म्हणालो. आणि ते म्हणताना मला रडू येईल अशी भीती वाटली, म्हणून आणखी मोठ्यानं बोललो.

आक्कानं माझं सगळं होऊ दिलं. मग म्हणाली, "कांडी हुबी कोन लावतंय व्हय? डोळं बाजूला धरून आडवी निजवायची. परत्येक डोळ्याला मूळ सुटतंय. हुबी लावली तर बुडकाला काय सुटंल तेवडंच. कागदावर बरी दिसती हुबी."

तोडलेल्या फांद्यांतल्या पन्नासेक उरल्या होत्या. मी त्या उचलल्या आणि उताराच्या खालच्या टोकाला, माझ्या नकाशाबरहुकूम, उभ्या-ताठ, एकट्यानं रोवल्या. अकरा बायका आणि एक म्हातारा बघत होते. त्याचा जास्त राग आला.

पण पैरा फेडायचा होता. अकरा बायका एक दिवस आल्या म्हणजे मी अकरा दिवस लागत होतो. आक्का म्हणाली, तिच्या नावावर जमा करून टाकू. मी म्हणालो, माझं काम, मीच फेडणार. पहिल्या दिवशी एकीच्या वाट्याच्या रानात उसाच्या सरीत दिवसभर वाकलो. दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठताच येईना आणि उसाचे डोळे मी वर ठेवले म्हणून माझी अर्धी लावण त्यांनी उपसून पुन्हा केली हेही कळलं. टोळीची बैठक बसली. "मामा," निकाल लागला, "तुमी आमच्या दारावर नावं काडा."

ते काम मला येत होतं. टाकानं नाही, ब्रशानं, पण अक्षर तेच. मी पाट्या रंगवल्या. पहिल्या दारावर नवऱ्याचं नाव लिहायला घेतलं तर बाई म्हणाली, "त्येनं काय तुमचा पैरा केलाय?" बरोबर होतं. मग अकराही दारांवर बायकांची नावं लागली. त्यांतल्या दोघींनी आपलं पूर्ण नाव इतकं मोठं लिहिलेलं कधी बघितलं नव्हतं. एक जण येता-जाता दारापुढं थांबायची आणि बघायची. मला इतका आनंद कुठल्याही बंधाऱ्याच्या नकाशानं दिला नव्हता, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

चैत्रात आक्काच्या सऱ्यांतून कोंब वर आले. आधी पाचटातून एखादा, मग रांगच्या रांग. उसाची उगवण बघितलेल्या माणसाला ते नवं नव्हतं, मला होतं. पलीकडचा म्हातारा आपल्या पाण्याच्या पाळीतून पंपाचा पाइप ओढ्यावरून इकडं टाकायचा आणि वरच्या सऱ्या भिजवायचा. तीन डोळ्यांच्या ज्या कांड्या चुकून तोडल्या होत्या, त्या आक्कानं गोठ्यामागं खोचल्या होत्या, त्याही फुटल्या. माझ्या पन्नास खुंटांपैकी मात्र तीसेक वाळले. का ते मला एका दुपारी नकाशासमोर उभा असताना कळलं. कागदावर नीट दिसावेत म्हणून मी खुंट जमिनीच्या वर लांब काढले होते, आणि काढले तसेच रोवले. निम्म्याहून जास्त फांदी उन्हात उघडी, मातीत थोडीशीच. म्हणजे त्यांनी सवयीनं ऊस लावला आणि मी सवयीनं नकाशा रोवला. त्यांची सवय जमिनीची होती एवढंच. हे मी आक्काला जाऊन सांगितलं. ती धार काढत होती. म्हणाली, "बादली धर."

आषाढात मी बायकोला सांगितलं, पाणी उतरेपर्यंत इथंच राहतो. ती म्हणाली, "आक्कांची खोली झाडून ठेवते." तिला अट माहीत होती.

मग एका सकाळी ओढा आला. डोंगरावर दोन दिवस पाऊस कोसळत होता आणि वळणावर पाणी आडवं येऊन आमच्या काठाला भिडलं. तोवर कोंब कमरेएवढे झाले होते. पाणी चढलं तसे ते एकेक रांग करून वाकले, निजले आणि दिसेनासे झाले. मागच्या दारात उभं राहून बघायचं तर नुसतं तांबडं पाणी आणि त्यातून जाणाऱ्या फांद्या, पेंढ्या, कुणाचं तरी प्लास्टिकचं पिंप. पुढं वारणा फुगली आणि ओढ्याचं पाणी मागं तुंबलं. तीन दिवस ते उताराच्या वरच्या सऱ्यांपर्यंत येऊन थांबलेलं होतं. म्हशीला आम्ही विहाराच्या पडवीत नेऊन बांधलं. आक्का मात्र घरातून हलली नाही. भाकऱ्या थापत होती, खर्डा वाटत होती आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला खायला घालत होती.

"चढताना नाही," मी तिला सांगितलं, "उतरताना काठ कोसळतो. आतली माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि बाहेरचा टेका जातो."

"मग उतरताना बगू," ती म्हणाली आणि मला दुसरी भाकरी वाढली.

चौथ्या दिवशी पाणी उतरायला लागलं. मी दारात बसून होतो. पलीकडं खालच्या अंगाला कुणाच्या तरी शिवारात काठ ढासळल्याचा आवाज आला, धप्प करून, मग आणखी एकदा. आमच्याकडं एकेक रांग पाण्यातून वर येत होती. चिखलानं माखलेली, आडवी पडलेली, पण मुळासकट जागच्या जागी. दोन सऱ्यांच्या मध्ये ओढ्यानं चक्क गाळ आणून टाकला होता. माझे वीस खुंट मोजले, अकरा होते. मी अकराही पास करून टाकले.

पाचव्या दिवशी सकाळी ऊन पडलं. टोळीतल्या सगळ्या आल्या. पलीकडचा म्हातारा पाण्याच्या कडेला येऊन उभा राहिला. "वाळुंजाचं बेस झालं की रं," तो म्हणाला. त्यानं मला अरे-तुरे केलं, पावणं म्हणाला नाही, आणि माझा साठवलेला राग वाया गेला. मी चौकटीतल्या खिळ्याला टेप अडकवला आणि पुरलेल्या दगडापर्यंत नेला. वहीतलाच आकडा. बोटभरही फरक नाही. दगडाच्या पुढं काठ होता तसाच होता.

पण अट पावलांची होती. आक्का बाहेर आली, पदर खोचला, दाराला टाच लावून उभी राहिली. मला वाटलं, आता ही पुन्हा नऊ करून दाखवणार. माझ्याकडं एकदा बघितलं आणि निघाली. सरीतून चालते तशी, ढांग टाकत, पूर्ण पावलांनी. इतक्या वर्षांत मागच्या दारी ती अशी चालली नसणार. दगडाशी जाऊन थांबली.

"पाच," ती म्हणाली.

सहा आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, कारण सहा मीच सांगितली होती, माझ्या आखूड पायांची.

"पाचच हायत," आक्का पुन्हा म्हणाली. "माज्या पावलानं पाचच हुतीत. आता लपवाय काय न्हाय. तू काय ते बोल, मी पिशवी भरती."

मी टेप गुंडाळायला लागलो, तो नीट गुंडाळला जाईना, एका बाईनं तो माझ्या हातातून घेतला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती. पाणी उतरलं का, आक्का बऱ्या आहेत का, खोली तयार आहे, गादी उन्हात घातली आहे, हे सगळं एका दमात बोलून तिनं विचारलं, "किती राहिली?"

आक्का काठावर उभी राहून माझ्याकडं बघत होती.

"नऊ," मी म्हणालो.